यक्षाने न विचारलेला प्रश्न

लहानपणी आम्हा जुळ्या भावांना नाव फारसं कुणी विचारलं नाही. "तू कुठला रे, मोठा की धाकटा?" असंच विचारायचे. साताऱ्यातल्या आमच्या पेठेत तेवढ्यावर भागत असे. मी धाकटा. आईच्या म्हणण्याप्रमाणे दोघांच्या मधे काही मिनिटंच गेली, पण तेवढ्या भांडवलावर भाऊ घरातला मोठा मुलगा झाला आणि अजून आहे. पाडव्याला, वाढदिवसाला पहिलं औक्षण त्याचं. मुंजीत आधी नंबर त्याचा. आत्याचा तर आग्रह होता की मी त्याला 'दादा' म्हणावं. मी आजतागायत म्हटलेलं नाही. (त्याचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या लहानपणावर त्याचा माझ्याइतकाच हक्क आहे आणि त्याला विचारलेलं नाही.)

नायजेरियातल्या योरुबा लोकांत हे उलटं असतं, असं पुढे वाचनात आलं तेव्हा मला फार बरं वाटलं. जुळ्यांचं प्रमाण जगात खूप जास्त असलेल्या समाजांपैकी तो एक. तिथे नावं ठरलेलीच: आधी येईल तो तायवो, मागून येईल तो केहिंदे. आणि मोठा मानतात तो केहिंदेला. जग राहण्याजोगं आहे का ते बघून ये, म्हणून त्यानेच तायवोला पुढे पाठवलेलं असतं. मी उत्साहाने भावाला फोन करून हे सांगितलं. "म्हणजे मी तुझा हरकाम्या?" एवढंच म्हणाला.

जुळ्यांना एकसारखे कपडे घालू नका, असं हल्ली पालकांना सगळीकडे सांगतात. बरोबरच आहे. आमच्या घरी मात्र त्यामागे हौस नव्हती, हिशोब होता. अण्णा दिवाळीला दोघांचं कापड एकाच ताग्यातून घ्यायचे. एकदम घेतलं की दुकानदार थोडे पैसे सोडायचा, आणि शिंपीही बेतून कापडात बसवायचा. शिवाय रंग वेगळे आणले की भांडण ठरलेलं. ज्यांच्या मुलांत दोन-तीन वर्षांचं अंतर असतं त्यांच्याकडे मोठ्याचा सदरा धाकट्याला होतो, मोठ्याची पुस्तकं धाकट्याला चालतात. जुळ्यांच्या आईबापांना ही सवलत नाही. सगळं एकाच दिवशी आणि दुप्पट. म्हणून आमच्याकडे पाठ्यपुस्तकांचा संच एकच यायचा, आणि संच एकच म्हणून आम्ही एका तुकडीत, एका बाकावर. त्यात मानसशास्त्र वगैरे काही नव्हतं. पुस्तक मधे ठेवायचं. डावं पान त्याच्या बाजूला, उजवं माझ्या. चित्रं बहुतेक त्याच्याच पानावर यायची, असा माझा तेव्हापासूनचा समज आहे.

वेगळेपण मिळालं तेही काटकसरीतूनच. अण्णांकडे लूना होती आणि मागे एकच जण बसे. मंडईत, पोस्टात, गिरणीत जाताना एका वेळी एकालाच नेता यायचं, त्यामुळे पाळ्या लागलेल्या. घरात आम्हाला कायम अनेकवचनात हाक असायची. "पोरांनो", "तुम्ही दोघं", "या रे दोघं जेवायला". कुणी रागावलं तरी दोघांवर, खाऊ आणला तरी दोघांना. लूनावर बसलो की अण्णा फक्त 'तू' म्हणायचे. बोलण्यात विशेष काही नसे. वांगं घेताना देठ बघायचा, भोक असेल तर ठेवून द्यायचं. पोस्टातल्या बाईंना नमस्कार करायचा. पण मला शेपूची भाजी आवडते आणि भावाला तिचा वाससुद्धा सहन होत नाही, हे घरात सगळ्यात आधी अण्णांना कळलं. आईला ते बरेच दिवस ठाऊक नव्हतं. तिच्या ताटात आम्ही नेहमी दोघं मिळून बसलेले असायचो, आणि एकाने भाजी टाकली की ती दुसऱ्याच्या पोटात जायची.

जुळी मुलं बहुधा थोडी उशिरा बोलू लागतात असं अभ्यासकांना आढळलं आहे, आणि त्याचं एक कारण अगदी घरगुती आहे: मोठी माणसं एकेकट्याशी कमी बोलतात. दोघांकडे एकदम बघून बोललं की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मं बोलणं येतं, आणि निम्मी नजर. हे वाचलं तेव्हा मला लूनाच आठवली. पालकांना सल्ला द्यायची वेळ आली तर मी कपड्यांवर फार बोलत नाही. एकाला एकटं बाहेर न्या म्हणतो. सर्कस-सिनेमाला न्यायची गरज नाही, दळण आणायला न्या.

आता शिक्क्यांबद्दल. माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे.

आम्हाला ओळखण्यासाठी आईने माझ्या पायात काळा दोरा बांधला होता. नंतर भावाच्या हनुवटीला पडल्याची खूण राहिली आणि दोऱ्याची गरज संपली. पण आल्यागेल्याला हनुवटी न्याहाळत बसायला वेळ कुठला? त्यांना दुरून ओळखता यायला हवं. मग कधीतरी, बहुधा कुणा पाहुण्यांसमोर, भावाने रामरक्षा खडाखडा म्हटली आणि मी आजीच्या पदराआड गेलो. झालं. "हा वांड आणि हा शांत." त्या दिवशी मला ताप होता का, की कंटाळा आला होता, कुणाला ठाऊक. शिक्का बसला तो बसला. पुढे मी कधी चिडलो तर आजी म्हणायची, "आज काय झालंय याला?" भाऊ चिडला तर कुणी मान वर करून बघायचंही नाही. उलट तो गप्प बसला की सगळं घर त्याच्या कपाळाला हात लावायचं. मी गप्प बसलो तर ते लक्षातच यायचं नाही, कारण गप्प बसणं हे तर माझं कामच होतं.

हे आमच्याच घरचं नाही. हेल्मुट फॉन ब्राकेन नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात जुळ्यांचं निरीक्षण करून लिहून ठेवलं आहे की जोडीतला एक जण परराष्ट्रखातं सांभाळतो आणि दुसरा गृहखातं. बाहेरच्यांशी बोलणं एकाकडे, आतले निर्णय दुसऱ्याकडे. पुढे फ्रान्समध्ये रने झाझो यांनी तर जोडी हाच अभ्यासाचा विषय केला. एकाच बीजाची, एकाच घरात वाढलेली मुलं तरी वेगळी का होतात, तर ती एकमेकांच्या संदर्भात जागा वाटून घेतात म्हणून, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं. दुकानात जाऊन सुटे पैसे मागणं भावाचं काम. ते कशावर खर्च करायचे हे मी ठरवायचो. खाती वाटून घेतलेली असली की राज्य सुरळीत चालतं. अडचण एवढीच की पुढे कधी एकट्यालाच राज्य करायची पाळी आली की निम्मी खाती रिकामी निघतात. पुण्याला कॉलेजात गेलो तेव्हा मेसच्या काकूंकडे जादा पोळी मागायलाही माझ्याकडे मंत्री नव्हता.

शिक्का किती थराला जाऊ शकतो हे बघायचं तर कॅनडात जावं लागेल. २८ मे १९३४ रोजी ओंटारिओ प्रांतात एका गरीब फ्रेंचभाषक शेतकऱ्याच्या घरी एकाच बीजाच्या पाच मुली जन्मल्या: इव्हॉन, अ‍ॅनेट, सेसिल, एमिली आणि मारी दियॉन. पाचही जगल्या, हेच तेव्हा नवल होतं. प्रांतिक सरकारने त्यांना आईबापांकडून काढून ताब्यात घेतलं, घरासमोरच्या रस्त्यापलीकडे त्यांच्यासाठी इस्पितळवजा बालगृह बांधलं आणि त्यांच्या खेळायच्या अंगणाभोवती प्रेक्षकांसाठी गॅलरी उभारली. १९४३ पर्यंत सुमारे ३० लाख लोक त्यांना बघून गेले. ओट्स, साबण, काकवीसारखा पाक, सगळ्यांच्या जाहिरातींत या पाच जणी. पण मला त्यातली एक बारीकशी गोष्ट सुटत नाही. प्रत्येकीला एक रंग आणि एक चिन्ह नेमून दिलेलं होतं. अ‍ॅनेटला लाल रंग आणि मेपलचं पान, मारीला निळा आणि अस्वलाचं पिल्लू, एमिलीला पांढरा आणि ट्युलिप. म्हणजे प्रत्येकीचं वेगळेपण जपल्याचं वरून दिसत होतं. लालचं काय आणि निळ्याचं काय, अ‍ॅनेटला कुणी विचारलं असेल?

मोठेपणी त्यांतल्या हयात असलेल्या तिघींनी नुकसानभरपाईसाठी सरकारशी झगडा केला आणि १९९८ मध्ये ४० लाख कॅनेडियन डॉलर मिळवले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत सात भावंडं एकदम जन्मली तेव्हा तिघींनी त्या आईबापांना खुलं पत्र लिहिलं होतं, की मुलांची प्रसिद्धी करू नका, एकाच वेळी अनेक मुलं जन्मणं ही करमणूक नव्हे. आज इन्स्टाग्रामवर एकसारखे फ्रॉक घालून नाचणाऱ्या जुळ्या मुलींची खाती बघतो तेव्हा त्या गॅलरीची आठवण होते. आता तिकीट नसतं, तेव्हाही नव्हतं.

साध्या घरात असलं काही होत नाही, पण रंग वाटले जातातच. एक गणितातला, एक चित्रातला. एक आईसारखा, एक बापासारखा. कपडे रात्री उतरवता येतात. 'शांत' कुठे उतरवून ठेवायचा?

क्रिकेटकडे वळतो, कारण आम्हाला पहिल्यांदा आमच्यासारखं कुणी दिसलं ते तिथे. ऑस्ट्रेलियाचे जुळे भाऊ, स्टीव्ह आणि मार्क वॉ. जन्म २ जून १९६५, स्टीव्ह चार मिनिटांनी मोठा. स्टीव्ह १९८५ मध्ये, भारताविरुद्धच, कसोटी संघात आला. मार्क बाहेरच. त्याला संघात 'अफगाणिस्तान' म्हणायचे, जगाच्या विस्मरणात गेलेलं युद्ध म्हणून. 'वॉ' या आडनावाच्या आणि इंग्रजी 'वॉर'च्या उच्चारावरची कोटी, जराशी क्रूरच. शेवटी जानेवारी १९९१ मध्ये इंग्लंडविरुद्ध अ‍ॅडलेडला मार्कला संधी मिळाली, आणि वगळलं कुणाला, तर स्टीव्हला. मार्कने पदार्पणातच १३८ केल्या. त्या घरात त्या दिवशी काय वातावरण असेल याचा विचार मी इतर कुणाहीपेक्षा जास्त केला असेल. काही आठवड्यांनी, एप्रिलमध्ये, पोर्ट ऑफ स्पेनला दोघं एकत्र कसोटी खेळले. पुरुषांच्या कसोटीत जुळे भाऊ पहिल्यांदाच. बायकांमध्ये न्यूझीलंडच्या सिग्नल भगिनींनी ते १९८४ मध्येच करून ठेवलं होतं, हे सांगायला क्रिकेटवेडे विसरतात.

वॉ बंधूंची गंमत अशी की नुसती फलंदाजी बघून कोण कुठला ते कळायचं. मार्क लेगला चेंडू असा वळवायचा की जोर लावलाय असं वाटू नये. स्टीव्ह दात-ओठ आवळून, अंगावर चेंडू घेत उभा. १६८ कसोटी आणि १०,९२७ धावा एकाच्या, १२८ आणि ८,०२९ दुसऱ्याच्या. पण आमच्या वाड्यात हे बारकावे कुणाला हवे होते? २७ फेब्रुवारी १९९६, विश्वचषक, वानखेडे. दहावीची परीक्षा तोंडावर असताना आम्ही शेजारच्यांच्या टीव्हीसमोर. मार्कने १२६ ठोकल्या. सचिन ९० वर असताना मार्कच्याच गोलंदाजीवर यष्टिचीत झाला, आणि आपण १६ धावांनी हरलो. शेजारचे काका हताश होऊन म्हणाले, "या वॉने वाट लावली." भावाने विचारलं, "कुठल्या?" काका म्हणाले, "कुठल्या का असेना, दोघं सारखेच." आम्ही एकमेकांकडे बघून इतके हसलो की सगळी खोली आमच्यावर उखडली.

घरचं उदाहरण म्हणाल तर नकुल-सहदेवांचं. व्यासांनी खरं तर या दोघांना वेगळं ठेवायचा प्रयत्न केला आहे. विराटाच्या घरी एक घोडे सांभाळतो, दुसरा गाईगुरं. एक ग्रंथिक, दुसरा तंतिपाल. महाप्रस्थानाच्या वाटेवर दोघं वेगवेगळे पडतात आणि युधिष्ठिर भीमाला दोघांची वेगवेगळी कारणं सांगतो: सहदेवाला आपल्या शहाणपणाचा गर्व होता, नकुलाला रूपाचा. निदान दोष तरी प्रत्येकाला स्वतःचा मिळाला, हे मला मोठं वाटतं.

पण यक्षप्रश्नाची गोष्ट घ्या. चारही भाऊ तळ्याकाठी निपचित पडलेले. यक्ष म्हणतो, एकाला उठवतो, कुणाला उठवू? युधिष्ठिर म्हणतो, नकुलाला. यक्ष चकित. भीम नको? अर्जुन नको? मग युधिष्ठिराचं ते प्रसिद्ध उत्तर: कुंतीचा एक मुलगा मी आहेच, माद्रीचाही एक राहू दे. कीर्तनकार इथे थांबतात, लोक माना डोलावतात. आमच्या गल्लीतल्या देवळात मी हे ऐकलं तेव्हा मला दुसराच प्रश्न पडला होता. नकुलच का? सहदेव का नाही? यक्षाने इतके प्रश्न विचारले, हा एक विचारला नाही. विचारायची गरजच वाटली नाही, कारण 'माद्रीचा एक' म्हटल्यावर दोघांतला कुठलाही चालला असता. मी आजीला विचारलं तर ती म्हणाली, "आधी नाव येतं ना नकुलाचं." म्हणजे परत मोठा-धाकटाच. युधिष्ठिराचा न्याय दोन आयांमधला होता. दोन भावांमधला न्याय त्या तळ्याकाठी झालाच नाही, सगळेच उठले म्हणून निभावलं.

शरीर मात्र हा गोंधळ करत नाही. एकाच बीजाच्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात, कारण बोटांवरच्या रेषा गर्भात घडताना कुणाचा हात कुठे होता, कुठे दाब पडला, याने त्या बदलतात. आधार काढताना यंत्राने आम्हाला एकदाही विचारलं नाही, कुठला तू. भावाचा फोन मात्र माझं तोंड बघून उघडतो. वहिनीने त्याचा उपयोग कसा केला ते इथे सांगण्यासारखं नाही.

शाळेत वेगळ्या तुकड्यांत घालावं का, हा प्रश्न हल्ली मला बरेच जण विचारतात, कारण जुळी वाढलीच आहेत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जगात हजार बाळंतपणांमागे साधारण ९ जुळी असत, २०१० नंतर १२ च्या आसपास; आयव्हीएफ आणि उशिरा होणारी बाळंतपणं ही त्याची मोठी कारणं. माझं उत्तर निराश करणारं असतं. इंग्लंड-वेल्स आणि क्वेबेकमधल्या जुळ्यांची माहिती तपासून २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुकडी एक की वेगळी, याने मुलांच्या शालेय प्रगतीत धड फायदाही दिसला नाही की तोटाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने २००५ मध्ये कायदाच केला की हा निर्णय शाळेने परस्पर घ्यायचा नाही, पालकांचं ऐकायचं. चांगला कायदा. मी त्यात मुलांनाही विचारा एवढं वाढवेन, आणि दोघांना वेगवेगळं विचारा. एकत्र विचारलं की परराष्ट्रमंत्री उत्तर देतो.

वेगळं व्हायच्या नादात मात्र एक गोष्ट निसटते. बारावीनंतर भावाने कॉमर्स घेतलं, म्हणून मी घेतलं नाही. दुसरं कारण नव्हतं. त्याने मिशी ठेवली, मी दाढी. तो चहा पिऊ लागला, मी कॉफी. साताऱ्यात आमच्या घरी त्याआधी कॉफी फक्त आजारपणात मिळायची. एकसारखे कपडे घालणारी मुलं आता मुद्दाम उलटे कपडे घालत होती एवढाच फरक, आरसा तोच. चाळिशी उलटल्यावर आमच्या सोसायटीचे हिशोब माझ्या गळ्यात पडले, आणि लक्षात आलं की ताळेबंद जुळवताना मला मजा येते. चांगलीच मजा येते. भावाला सांगितलं तर म्हणाला, "मला वाटायचं तुला आकड्यांचा तिटकारा आहे." मलाही तसंच वाटायचं. आता मार्चअखेरीला आम्ही फोनवर घसाऱ्याबद्दल बोलतो. आणि मी चहा पितो.

जुळ्यांचं वेगळेपण जपा म्हणणाऱ्यांना माझा एवढाच अडथळा असतो, की वेगळेपण म्हणजे फरक नव्हे. दोन माणसांना एकच गोष्ट आवडू शकते, आणि तरी ती दोन माणसंच असतात. वर्गात कुणा दोन मैत्रिणींना एकच रंग आवडला तर आपण लगेच एकीला रंग बदलायला सांगत नाही. जुळ्यांना सांगतो.

पुण्याला माझ्या मामेबहिणीच्या जुळ्या मुली आहेत, आठ वर्षांच्या. ती फार विचार करून वाढवते मुलींना. नावं यमकात नाहीत, वाढदिवसाला केक दोन, एक कथकला जाते आणि दुसरी बुद्धिबळाला. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ए' आणि 'बी' लिहिलेलं होतं तेव्हापासून तिने मनाशी पक्कं केलं होतं की हे पुढे चालू द्यायचं नाही. मे महिन्यात तिच्याबरोबर शाळेच्या खरेदीला गेलो होतो. बुद्धिबळवालीने निळी, धूमकेतूंचं चित्र असलेली बॅग उचलली. कथकवालीने दुकानभर हिंडून, सगळ्या बॅगांच्या चेन उघडून बघून, तीच दुसरी निळी बॅग आणली.

"अगं, ताईने तीच घेतलीय ना? तू ती पिवळी बघ, किती छान आहे," बहीण म्हणाली.

"पण मला हीच आवडलीय."

"तिची बघून आवडलीय तुला."

"नाही. हिला बाटलीचा कप्पा आतून आहे." मग माझ्याकडे वळून, "मामा, तू सांग ना आईला."

बहीण माझ्याकडे बघायला लागली. या बाबतीत ती मला तज्ज्ञ समजते. मी दोन्ही बॅगा काउंटरवर ठेवल्या.

"अरे दादा, रोज सकाळी गोंधळ होईल घरात. कुणाची कुठली कसं कळणार?"

"त्यांना कळेल," मी म्हटलं. "तुला कळत नसेल तर उघडून बघ."